ट्यूनिंगची महागडी हत्यारं वर्गणीत घ्यायची असतील तर

गाडी स्वतः उघडून बघायची आवड लागली की पहिल्या वर्षी गोटीपान्यांचा संच, जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि मल्टिमीटर एवढ्यावर भागतं. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या हालचालीचा मेळ) लॉक करायच्या पिना, सिलिंडरमधून हवा किती गळते ते दाखवणारा लीकडाउन टेस्टर, धुरावरून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा वाइडबँड, बऱ्यापैकी स्कॅनर, ठरल्या जोरानेच बोल्ट आवळणारा मोठा टॉर्क पाना ही सगळी हत्यारं महाग असतात आणि एका गाडीला वर्षातून एखाद-दोन वेळा लागतात. बाकीचे दिवस ती माळ्यावर धूळ खातात. पाच-सहा जणांनी मिळून ती घेणं हाच त्यावरचा सरळ मार्ग आहे.

विदर्भात सामायिक विहीर कोणाला नवीन नाही. तिघा भावांच्या सातबाऱ्यावर एक विहीर असली की कोणाची पाळी कोणत्या दिवशी आणि मोटार जळली तर वाइंडिंगचे पैसे कोणी भरायचे, हे आधीच ठरलेलं असतं. जिथं ते ठरलेलं नसतं तिथली भांडणं तहसीलपर्यंत जातात. हत्यारांचंही तसंच आहे. पाळी कशी लावायची, झीज कोणी भरायची आणि गट सोडणाऱ्याला काय मिळणार, या तीन गोष्टी पहिला रुपया गोळा करण्याआधी कागदावर यायला हव्यात. नवे गट बहुतेक उलटं करतात. हत्यार आधी मागवतात आणि नियम पहिल्या भांडणानंतर लिहायला घेतात.

पहिली पायरी: गाड्यांची यादी

माणसं जमली म्हणजे गट झाला असं धरू नका. आधी कागदावर गाड्या मांडा. प्रत्येक गाडीपुढे मॉडेल आणि वर्ष, इंजिन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कोणत्या कंपनीचा, स्पार्क प्लगचे आटे एम १४, एम १२ की एम १०, टायमिंगला बेल्ट आहे की चेन आणि कोणतं स्कॅनर सॉफ्टवेअर चालतं, एवढं लिहा. हा कागद तयार झाला की निम्मे वाद तिथंच मिटतात.

उदाहरण घ्या. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत आलं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. गटात अशा चार गाड्या असतील तर मल्टिजेटच्या लॉकिंग पिनांचा एक संच चौघांना पुरतो. उरलेल्या दोन गाड्या फोक्सवॅगनच्या पेट्रोल असतील तर त्या दोघांनी त्या संचाचे पैसे भरायचं कारण नाही. त्यांना वेगळं स्कॅनर लागेल आणि त्याचा खर्च त्या दोघांचा.

म्हणून दोन पेट्या करा. एक सगळ्यांची, तिच्यात कोणत्याही गाडीला चालणारी हत्यारं. दुसरी इंजिनानुसार, तिच्यात ज्याची गाडी त्याचेच पैसे. सगळा खर्च सरसकट सहा भागांत वाटणारा गट वर्षभरात कुरकुरायला लागतो, आणि कुरकुर करणाऱ्याची बाजू खरी असते.

माणसं चार ते सात बरी. चारपेक्षा कमी असतील तर प्रत्येकाचा वाटा फार मोठा होतो. सातच्या वर गेलात तर रविवारची पाळी लागत नाही, कारण काम सगळ्यांना रविवारीच करायचं असतं. अंतरही बघा. एक नागपूरच्या मानेवाड्याचा आणि एक शहराबाहेरच्या कामठीचा असेल तर पेटी आणायला-पोचवायला अर्धी सुट्टी जाते. शहराच्या एकाच भागातले, निदान रिंगरोडच्या एकाच बाजूचे सभासद घेतले तर हत्यारं खरोखर फिरतात.

दुसरी पायरी: काय वाटून घ्यायचं आणि काय स्वतःचंच ठेवायचं

कसोटी साधी आहे. जे वर्षात चारपेक्षा जास्त वेळा लागतं, किंवा गाडी रस्त्यात बंद पडली तर त्याच क्षणी लागतं, ते स्वतःचं असावं. गोटीपाने, घोड्या, मल्टिमीटर, गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर, हातमोजे, चष्मा हे वाटून घेऊ नका.

सगळ्यांच्या पेटीत यातली हत्यारं यावीत: पेट्रोल कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), लीकडाउन टेस्टर, दोन टॉर्क पाने (एक ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, दुसरा ४० ते २१० चा), व्हॅक्यूम गेज, वाइडबँडचा संच, सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कंप्रेसर, व्होल्टेजचा आलेख दाखवणारा दोन किंवा चार चॅनेलचा यूएसबी ऑसिलोस्कोप. जागा असेल तर इंजिन उचलायची क्रेन. डिझेलवाल्यांच्या पेटीत डिझेल कॉम्प्रेशन गेज, इंजेक्टर पुलर आणि इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल (रिटर्न) मोजायच्या नळ्या.

डिझेल आणि पेट्रोलचं कॉम्प्रेशन गेज वेगळंच हवं. पेट्रोलच्या गेजचा काटा साधारण २० बारपर्यंत जातो आणि डिझेलचा दाब त्याच्याही पुढे जातो. नवा माणूस पेट्रोलचं गेज डिझेलला लावतो, काटा टोकाला आपटून वाकतो आणि पुढच्याला ते कळतही नाही. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

टॉर्क पाना एकच घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो. तसं करू नका. क्लिक होणारा पाना आपल्या कमाल मापाच्या २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा नसतो. ४० ते २१० च्या पान्याने व्हॉल्व्ह कव्हरचा १० न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळला तर क्लिक येण्याआधी ॲल्युमिनियमचे आटे सुटतात.

तिसरी पायरी: लायसन्स वाचल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक हत्यार घेऊ नका

लोखंडी हत्यार सहा जणांनी वापरलं म्हणून तक्रार करत नाही. सॉफ्टवेअरचं हत्यार करतं. सर्वात जास्त पैसे इथंच बुडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

फोक्सवॅगन-स्कोडासाठी रॉस-टेकची व्हीसीडीएस ही स्कॅनरची केबल नाव घेण्यासारखी आहे. त्यांची हेक्स-व्ही२ ही केबल चेसिस नंबरांच्या मर्यादेसह मिळते. तीन गाड्यांची एक आवृत्ती, दहाची दुसरी. तीनची स्वस्त म्हणून चौघांनी घेतली तर चौथ्याची गाडी बाहेर राहणार, आणि त्यांच्यापैकी कोणी गाडी बदलली तर तिसऱ्या वर्षी पुन्हा खोळंबा. गटाने घ्यायची तर दहाची घ्या आणि कोणत्या गाड्या नोंदल्या गेल्या त्याची यादी पेटीतच ठेवा. कोणी मावसभावाची गाडी ‘नुसती एकदा’ जोडून बघितली तरी एक जागा कायमची खर्ची पडू शकते.

ओबीडीइलेव्हनसारख्या यंत्रांत सशुल्क सोयी एखाद्याच्या अकाउंटला चिकटलेल्या असतात. त्यासाठी गटाचा स्वतंत्र ईमेल काढा. कोणाच्या खाजगी ईमेलवर हे अकाउंट उघडलं तर तो गट सोडून जाताना लायसन्सही सोबत घेऊन जातो. फोर्डसाठी फोर्सस्कॅन वापरत असाल तर त्याचं वाढीव लायसन्स कॉम्प्युटरला बांधलेलं असतं. म्हणून गटाचा एक जुना लॅपटॉप ठेवा आणि तो पेटीसोबत फिरवा. तो लॅपटॉप फक्त गाडीचाच ठेवा. घरच्या पोरांच्या गेमसाठी तो दिला की पुढच्या रविवारी ड्रायव्हर सापडत नाहीत.

ईसीयू फ्लॅश करायची, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलायची यंत्रं ही अजून वेगळी गोष्ट आहे. ‘केस’ (KESS) सारख्या व्यावसायिक यंत्रांत मास्टर आणि स्लेव्ह असे दोन प्रकार असतात. स्लेव्हने वाचलेली फाइल कुलूपबंद असते, ती ज्या मास्टरशी बांधलेली आहे त्याच ट्यूनरकडे उघडते. म्हणजे स्वस्तात स्लेव्ह घेतलं तर तुम्ही एकाच ट्यूनरला बांधले गेलात. तो कोण, त्याचं काम कसं, हे आधी बघा. काही हातातले फ्लॅशर पहिल्या गाडीवर वापरले की त्याच गाडीशी बांधले जातात आणि मूळ फाइल परत टाकून सोडवल्याशिवाय दुसऱ्या गाडीला लागत नाहीत. अशी वस्तू वर्गणीत घेण्यात काही अर्थ नाही.

ऑनलाइन काही हजारांत मिळणारी नकली फ्लॅश यंत्रं घेऊ नका. लिहिता लिहिता मध्येच थांबतात, चेकसम (फाइल बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) दुरुस्त न करता फाइल टाकतात, आणि ईसीयू बंद पडला की तो बेंचवर उघडून जिवंत करायचा खर्च हत्याराच्या किमतीपेक्षा जास्त येतो. शिवाय ते कोणाच्या हातात बंद पडलं यावरून गट फुटतो.

आमचं मत विचाराल तर नवख्या गटाने पहिली दोन वर्षं फ्लॅश यंत्र घेऊच नये. स्कॅनर आणि लॉगिंगवर, म्हणजे गाडी चालताना सेन्सरचे आकडे नोंदवण्यावर भर द्यावा. ज्या गाडीचं कॉम्प्रेशन, प्लग आणि मिश्रण ठीक आहे की नाही हेच माहीत नाही, तिच्यावर नवा नकाशा (ईसीयूतले इंधन आणि ठिणगीचे आकडे) चढवणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा सगळ्यांच्या पेटीत लोखंडी हत्यारं ४०,००० रुपयांची, इलेक्ट्रॉनिक ३०,००० ची आणि झिजणाऱ्या वस्तू ५,००० च्या. एकूण ७५,०००. सहा जणांत प्रत्येकी १२,५००. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क आधीच धरा, कारण पार्सल दारात आल्यावर ‘हे कोण देणार’ हा प्रश्न पडायला नको.

शिवाय महिन्याला प्रत्येकी २०० रुपये देखभाल वर्गणी. वर्षाचे १४,४०० होतात. त्यातून टॉर्क पान्यांचं कॅलिब्रेशन (माप तपासून बरोबर करणं), सॉफ्टवेअरची मुदतवाढ, तुटलेल्या नळ्या आणि ओ-रिंग भागतात. भिशीत दरमहा एकाच्या हाती सगळी रक्कम जाते, इथं ती कोणाच्याच हाती जाऊ नये. दोघांच्या नावाने संयुक्त बचत खातं उघडा, सगळे व्यवहार यूपीआयने करा आणि पासबुकाचा फोटो दर तिमाहीला ग्रुपवर टाका.

झिजणाऱ्या वस्तूंना मात्र तासाप्रमाणे पैसे लावा. वाइडबँडचा सेन्सर ही त्यातली मुख्य वस्तू. समजा सेन्सर ८,००० ला पडला आणि त्याचं आयुष्य तुम्ही १०० तास धरलं, तर तासाला ८० रुपये. वापरणाऱ्याने लॉगचे तास लिहायचे आणि तेवढे भरायचे. जो वर्षभर वाइडबँडला हात लावत नाही त्याच्या खिशातून दुसऱ्याचा सेन्सर जाणं बरोबर नाही.

बाहेरच्यांना भाड्याने देऊन पैसे काढू नका. मग तो धंदा होतो, त्याला पावत्या आणि कर लागतात आणि हत्यारांची पाळी बाहेरच्यांच्या हातात जाते.

हत्यारांची बिलं एकाच्या नावाने होतील, पण प्रत्येक बिलाची प्रत सगळ्यांकडे असावी. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली की बिल हरवलेलं असतं.

पाचवी पायरी: पाळी आणि नोंदवही

पेटी ७२ तासांसाठी द्या. शुक्रवारी रात्री नेली तर सोमवारी रात्री परत. उशीर झाला तर दिवसाला ठरलेली रक्कम, आणि ती मित्र आहे म्हणून माफ करू नका. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे दोन आठवडे सगळ्यांनाच पेटी हवी असते. त्यासाठी चिठ्ठ्या टाका, पहिला मेसेज टाकणाऱ्याला नेहमी मिळेल असं ठेवू नका.

पेटीत फोम घ्या आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापा. खाच रिकामी दिसली की काय नाही ते लगेच कळतं. देताना एक फोटो, घेताना एक फोटो. टायमिंग पिना, कॉम्प्रेशन गेजचे अडॅप्टर आणि सॉकेटची छोटी एक्स्टेन्शन या तीन वस्तू सर्वात जास्त हरवतात. त्यांना चमकदार रंग द्या. काळ्या इंजिनबेमध्ये काळी पिन राहून जाते आणि स्टार्टर मारला की ती पिन इंजिन फोडते.

कागदावर तीनच कलमं पुरेत. सामान्य वापरात झिजलं तर गटाचा खर्च. चुकीने मोडलं तर वापरणाऱ्याचा. कोणाच्या हातात मोडलं हे कळत नसेल तर शेवटच्या फोटोतल्या माणसाचा. तिसरं कलम कठोर वाटेल, पण त्यामुळेच लोक घेताना पेटी उघडून तपासतात. हा करार स्टॅम्पपेपरवर केला तर उत्तम. नाही केला तरी सगळ्यांच्या सह्या आणि तारीख हवीच.

सहावी पायरी: प्रत्येक हत्यार कसं बिघडतं ते सगळ्यांना शिकवा

सामायिक पेटी एकाच्या अज्ञानाने बिघडते आणि सहा जणांना चुकीचं माप देते. म्हणून प्रत्येक हत्यारासोबत एक कागद ठेवा.

टॉर्क पाना काम झाल्यावर सर्वात खालच्या मापावर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली सैल करायचा नाही. घट्ट बोल्ट सोडवायला तो वापरायचा नाही. त्यासाठी ब्रेकर बार आहे. एकदा जमिनीवर पडला की तो तपासल्याशिवाय वापरायचा नाही, आणि तो खर्च पाडणाऱ्याचा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे १२ महिने किंवा ५,००० क्लिक, जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन करतात. करून घेताना एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. कागदावर नेहमीची मापंही लिहून ठेवा. ॲल्युमिनियम हेडमध्ये गॅस्केटवाल्या प्लगला एम १४ साठी २५ ते ३०, एम १२ साठी १५ ते २०, एम १० साठी १० ते १२ न्यूटन-मीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचंच खरं.

कॉम्प्रेशन गेजच्या नळीच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. दिसायला तो टायरच्या व्हॉल्व्हसारखाच, पण त्याची स्प्रिंग खूप नरम असते. तो खराब झाला की कोणीतरी पंक्चरवाल्याकडून टायरचा व्हॉल्व्ह बसवून आणतो. मग सगळे सिलिंडर कमी दाखवतात आणि चांगल्या इंजिनाचं बोअरिंग करायची चर्चा सुरू होते. दोन मूळ व्हॉल्व्ह पेटीत जास्तीचे ठेवा. मोजताना सगळे प्लग बाहेर, फ्युएल आणि इग्निशनचे फ्यूज काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर लीकडाउनकडे वळा.

लीकडाउनला कंप्रेसरची हवा लागते. तो घेण्यापेक्षा जवळच्या टायरवाल्याशी बोलून घेतलेलं बरं. पिस्टन बरोबर वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत हवा. जरासा पुढे-मागे असला तर हवा सोडताच क्रँक फिरतो, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना लावून ठेवू नका आणि हात दूर ठेवा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर छान. २० च्या वर असेल तर कान लावा. ऑइलच्या झाकणातून हवेचा सुसाटा आला तर पिस्टनची रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

टायमिंग पिना फक्त जागा धरून ठेवायला असतात. पुलीचा बोल्ट सोडवताना त्याच पिनेवर जोर घेतला तर पिन वाकते. वाकलेली पिन खाचेत बसते खरी, पण टायमिंग दाता-अर्ध्या दात्याने चुकवते, आणि पिस्टन-व्हॉल्व्ह भिडले तर हेड गेलं. बोल्ट सोडवताना पुली धरायचं वेगळं हत्यार वापरा. पेटी परत आली की प्रत्येक पिन काचेवर ठेवून लोळवून बघा. वाकलेली असेल तर लगेच डगमगते.

स्प्रिंग कंप्रेसरमध्ये जीव जाऊ शकतो. आट्यांना दर वेळी ग्रीस लावा, एअर गनने फिरवू नका, दोन्ही बाजू सारख्याच आवळा. हुकवर केसाएवढी भेग दिसली तरी तो पेटीतून बाद.

वाइडबँडबद्दल जरा सविस्तर, कारण हे हत्यार सहा हातांत गेलं की पहिल्यांदा मरतं. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आतून तापवला जातो. सायलेन्सरमध्ये बसलेला असताना इंजिन चालू आणि कंट्रोलर बंद असेल तर काजळी बसून तो लवकर खराब होतो. म्हणून लॉगिंग संपलं की सेन्सर काढा आणि जागा एम १८ × १.५ च्या बोळ्याने बंद करा. प्रत्येक सभासदाने आपल्या गाडीत बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) एकदाच वेल्ड करून घ्यावा. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या वेल्डिंगवाल्याकडे हे काम होतं. बंग पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात असावा, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधे. खाली असला तर पाइपमधलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकतं. सेन्सरच्या प्लगमध्ये त्याच सेन्सरसाठी मोजून बसवलेला रेझिस्टर असतो. वायर लांब करायला तो प्लग कापला की सेन्सर खोटं बोलायला लागतो.

आकडा एएफआरमध्ये (हवा-इंधनाचं प्रमाण) नको, लॅम्ब्डामध्ये (ते प्रमाण पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाच्या किती पट) वाचा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि त्याचं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण साधारण १३.५ आहे, जुन्या शुद्ध पेट्रोलसारखं १४.७ नाही. गेज मात्र लॅम्ब्डा १ ला १४.७ म्हणूनच दाखवतं. त्या १४.७ कडे बघून कोणी मिश्रण बदलायला बसला की नुकसान होतं. लॅम्ब्डा १ म्हणजे १, इंधन काहीही असो.

ऑसिलोस्कोपला इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल थेट जोडू नका. इंजेक्टर बंद होताना ६० ते ८० व्होल्ट आणि कॉइलच्या प्रायमरीला ३०० च्या वर उसळी येते. व्होल्टेज वीसपट कमी करणारा २०:१ चा अटेन्युएटर केबललाच टेपने चिकटवून ठेवा.

नागपूरचं हवामान आणि आकडे

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इंजिन बंद, किल्ली चालू अशा स्थितीत मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) इथं साधारण ९६ ते ९८ किलोपास्कल दाखवायला हवा. पुस्तकात १०१ लिहिलंय म्हणून चांगला सेन्सर बदलायला जाऊ नका. व्हॅक्यूम गेजही आयडलवर समुद्रकाठच्या आकड्यापेक्षा सुमारे एक इंच कमी दाखवतं.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि बंद गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. पेटी डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. लॅपटॉपची आणि जंप स्टार्टरची लिथियम बॅटरी फुगते, फोमचा गोंद सुटतो. लॉगिंग पहाटे करा. दुपारी इनटेकची हवा इतकी तापलेली असते की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि दोन सभासदांच्या लॉगची तुलनाच होत नाही. लॉगसोबत हवेचं तापमान लिहिलेलं असलंच पाहिजे. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि दर पंधरा दिवसांनी तव्यावर कोरड्या करा. लोखंडी हत्यारांवर ऑइलचं बोट फिरवा, टॉर्क पान्याच्या आत मात्र ऑइल सोडू नका.

पुढे कधी फ्लॅश करायची वेळ आलीच तर इंजिन गार असताना करा. गरम इंजिनावर किल्ली चालू ठेवली की रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होतो आणि व्होल्टेज पडतं. १३ व्होल्टच्या वर स्थिर राहील असा ३० ते ५० ॲम्पियरचा पुरवठा जोडा. साधा चार्जर चालत नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली, स्लीप बंद, कारण वीज कधी जाईल हे सांगता येत नाही. मूळ फाइल आधी वाचून तीन जागी ठेवा आणि नावात चेसिसचे शेवटचे सहा अंक घाला. एका स्विफ्टची फाइल दुसऱ्या स्विफ्टला टाकणं हा सामायिक लॅपटॉपवरचा नेहमीचा अपघात आहे.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते गाडीमालकाला लागतं, हत्यार कोणाचं होतं हे तिथं कोणी विचारत नाही. तपासणी, दुरुस्ती, लॉगिंग, मूळ मापावर आणणं यात काही अडचण नाही. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायच्या कामाला गटाची पेटी द्यायची नाही, हे नियमांत स्पष्ट लिहा. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत फ्लॅश झाल्याची नोंद ईसीयूत राहते आणि वॉरंटी जाते, हेही नव्या सभासदाला आधी सांगा. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो म्हणून तिथं वेगाच्या चाचण्या घेऊ नका. १२० ची मर्यादा तिथंही आहे आणि लॉग बघायला डोळे स्क्रीनवर गेले की गाडी कोणाच्याही हातात राहत नाही.

गट सोडणाऱ्याचा हिशेब

हे पहिल्या दिवशीच ठरवा, कारण कोणाची ना कोणाची पुण्याला किंवा हैदराबादला बदली होतेच. सोपं सूत्र असं. लोखंडी हत्यारांची किंमत दर वर्षी मूळ किमतीच्या १० टक्क्यांनी कमी धरा आणि ५० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. इलेक्ट्रॉनिकची दर वर्षी २५ टक्क्यांनी कमी. झिजणाऱ्या वस्तू शून्य.

वरच्या उदाहरणात दोन वर्षांनी लोखंडाचे ३२,०००, इलेक्ट्रॉनिकचे १५,०००, एकूण ४७,०००. सहा भागांत ७,८३३. त्यातून थकलेली वर्गणी आणि दंड वजा करून उरलेली रक्कम ९० दिवसांत किंवा नवा सभासद आला की त्याच दिवशी, जे आधी होईल तेव्हा द्या. नव्या सभासदाने तितकेच भरायचे. त्याच्या गाडीचे आटे, इंजिन आणि ईसीयू पहिल्या यादीत नीट बसतात का, ते त्याचे पैसे घेण्याआधी बघा.

हत्यार उचलून नेऊन हिशेब फेडायची मुभा कोणालाही देऊ नका. लीकडाउनचा टेस्टर गेला तर उरलेल्या पाच जणांचं कॉम्प्रेशन गेज अर्धं निकामी होतं. माणूस गेला त्याच संध्याकाळी गटाच्या ईमेलचा आणि स्कॅनरच्या अकाउंटचा पासवर्ड बदला, आणि लॅपटॉपवरच्या त्याच्या गाडीच्या मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर त्याच्या हातात द्या. ती फाइल त्याची आहे.